निवडक पाच आणि उरलेला वर्ग



जानेफळात ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर गावातली मुलं शिकवली. त्यांच्या स्मृतिदिनी गावातल्या मुलांचाच एखादा प्रश्न घेऊन उभं राहावं, असं मला वाटलं. विषय परीक्षेच्या तयारीचा आहे. दहावी-बारावीबद्दल तुम्ही वर्षभर ऐकता, वर्तमानपत्रं वाचता, निकालाच्या दिवशी पेढे वाटता. मी बोलणार आहे ते त्याच्या कितीतरी आधी येणाऱ्या तीन परीक्षांबद्दल. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आणि जिला आपण सगळे एनएमएमएस म्हणतो ती आर्थिक दुर्बल घटकांतल्या आठवीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय परीक्षा.

या परीक्षांचं वैशिष्ट्य काय? मराठी माध्यमातल्या शिष्यवृत्तीच्या मुलासमोर कोथरूडच्या शाळेत जो प्रश्न येतो, तोच मेहकर तालुक्यातल्या मुलासमोर येतो. वेळ तितकीच, गुण तितकेच. उत्तरपत्रिका यंत्र तपासतं. त्या यंत्राला मुलाचं आडनाव कळत नाही, बापाकडे किती एकर आहे ते कळत नाही. या समानतेचं मला मोल वाटतं, आणि ते मी आधीच सांगून ठेवतो. कारण परीक्षांना नावं ठेवण्याची आता एक पद्धत पडली आहे. परीक्षा म्हणजे मुलांवर ओझं, परीक्षा म्हणजे घोकंपट्टी, असं बोललं की टाळ्या मिळतात. ज्यांच्या मुलांना परीक्षेशिवायही सगळी दारं उघडी आहेत, त्यांना असं बोलणं परवडतं. आपल्याला परवडतं का?

थोडा हिशेब मांडतो. शिष्यवृत्ती परीक्षा 1954-55 पासून चालू आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती चौथीत आणि सातवीत दिली असेल. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि 2025 मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न आणि 150 गुण, एकूण 300. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दीड तासात 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट आणि बारा सेकंद. नवोदयला दोन तासांत 80 प्रश्न. आपल्या जिल्ह्याचं नवोदय शेगावला आहे. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मोफत, आणि किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 मध्ये सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला, आणि दुसरं कुठे? आपल्या विदर्भात, अमरावतीला. हे दार मुळात आपल्या अंगणात उघडलेलं आहे.

आणि एनएमएमएस. हिच्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण गावात हिची चर्चा सर्वात कमी होते. आठवीत परीक्षा. दोन पेपर, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात. अटी कोणत्या? शाळा जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित असावी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं. सातवीला 55 टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50. मला सांगा, या सभागृहात बसलेल्या किती घरांना या अटी लागू होतात? कोरडवाहू पाच एकरवाल्याला होतात. मजुरी करणाऱ्याला होतात. टपरीवाल्याला, शिंप्याला, गवंड्याला होतात. मराठा आणि कुणबी समाजातला मुलगा या परीक्षेत उत्तीर्ण झाला पण निवड यादीत आला नाही, तर त्याच्यासाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 9,600 रुपयांची.

ज्या घरात आठवीनंतर मुलीचं शिक्षण चालू ठेवायचं की नाही यावर रात्री चर्चा होते, त्या घरात महिन्याला हजार रुपये ही लहान गोष्ट नाही. तिच्या एसटीच्या पासाचे, वह्यांचे, गणवेशाचे पैसे निघतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बापाच्या तोंडचं एक वाक्य बंद होतं, की तुझ्या शिक्षणाचा खर्च कुठून आणू?

म्हणून परीक्षेची तयारी करून घेणं या कामाला कमी समजू नका. प्रश्न इतकाच आहे की तयारी कुणाची आणि कशी.

कुणाची?

माझं आजचं मुख्य म्हणणं हेच आहे, आणि ते मी मोकळेपणानं मांडतो. आपल्याकडे शिष्यवृत्तीची तयारी म्हणजे काय होतं? जूनमध्ये वर्ग भरतो. चाळीस मुलं. जुलै-ऑगस्टमध्ये गुरुजी त्यांतली पाच-सात हुशार मुलं निवडतात. त्यांना शाळेच्या आधी बोलावतात, शाळा सुटल्यावर थांबवतात, सुटीच्या दिवशीही शिकवतात. यात शिक्षकाचा प्रामाणिकपणा आहे, कष्ट आहेत, पदरचे पैसे घालून आणलेल्या सराव प्रश्नपत्रिका आहेत. मी त्या कष्टांना नमस्कार करतो. पण उरलेली तेहेतीस मुलं त्या दिवशी काय शिकतात? ती एवढंच शिकतात की आपण त्यातले नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा कळलं की ते बाहेर काढायला पुढची दहा वर्षं पुरत नाहीत.

आणि निवड कशावरून झाली? वाचता येतं, पटापट उत्तर देतं, घरून डबा आणि पेन वेळेवर येतो, यावरून. म्हणजे ज्याच्या घरी आधीच थोडं बरं आहे, त्याच्यावर शाळेनंही जास्त वेळ घातला. समान प्रश्नपत्रिकेची जी समानता आपण परीक्षेच्या दिवशी मिरवतो, ती आपण वर्गात जुलैमध्येच मोडून टाकलेली असते.

"बुद्धिमत्ता चाचणी" हे नाव ऐकून पालकांना वाटतं, बुद्धी काय, ती असते किंवा नसते. हा समज कुठून आला असेल तो असो, या चाचण्यांच्या जनकाचा तो नव्हता. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने यांनी सिमों यांच्यासोबत 1905 मध्ये पहिली चाचणी तयार केली. का तयार केली? हुशार मुलं निवडायला नाही. सर्वांसाठी शाळा सक्तीची झाली होती, काही मुलं मागे पडत होती, त्यांना वेगळी मदत लागेल हे ओळखायचं होतं. बुद्धी जन्मभर ठरलेली असते या मताला बिने यांचा विरोध होता. लक्ष देण्याचे, आठवण्याचे, विचार करण्याचे व्यायाम देऊन मुलाची कुवत वाढवता येते, असं ते सांगत. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं. मागे पडणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून "याला मदत करा" असं सांगणारं साधन होतं ते. आपण त्यावरून मुलं वगळायला लागलो, ही चूक साधनाची म्हणता येईल का?

खेड्यातल्या मुलाला बुद्धिमत्तेचे प्रश्न जड जातात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ते प्रश्न उघडून पाहावेत. दिशांचे प्रश्न असतात. अमुक उत्तरेकडे चालला, डावीकडे वळला, आता तोंड कुठे? शेतात वाढलेल्या मुलाला उगवती-मावळती सांगावी लागत नाही. नात्यांचे प्रश्न असतात. आत्याच्या मुलाच्या मामाचं तुझ्याशी नातं काय? ज्या मुलानं लग्नाच्या मांडवात शंभर नातेवाइकांना ओळखलंय, त्याला हे अवघड का जावं? दिनदर्शिकेचे प्रश्न असतात, अमुक तारखेला बुधवार तर तमुक तारखेला कोणता वार? 1973 पासून निघणारं कालनिर्णय बहुतेक घरांच्या भिंतीवर आहे. आरशातली प्रतिमा आणि पाण्यातली प्रतिमा यांचे प्रश्न असतात. वर्गात एक आरसा आणि पाण्यानं भरलेली परात आणली, तर अर्ध्या तासात सगळा वर्ग शिकतो. डावं-उजवं कशात उलटतं आणि वर-खाली कशात, हे डोळ्यांनी पाहिलं की पाठ करावं लागत नाही. या मुलांकडे कुवतीची कमतरता मी पाहिली नाही. कमी आहे ती वाचनाची.

कशी?

एका शाळेत मी आठवीच्या मुलाला विचारलं, पेपर कसा गेला? तो म्हणाला, "सर, गणित त येते मले, पण काय इचारलं तेच समजत नाही." हे एक वाक्य शिक्षकांनी गांभीर्यानं घ्यावं. गणिताच्या पेपरमधली मोठी अडचण त्यानं नेमकी सांगितली. तीन-चार ओळींचं शाब्दिक उदाहरण वाचून त्यातली माहिती वेगळी करणं आणि काय काढायचं ते ठरवणं हे वाचनाचं काम आहे. बेरीज-भागाकार त्यानंतर येतो. शास्त्राचा प्रश्न, इतिहासाचा प्रश्न, बुद्धिमत्तेचा प्रश्न, सगळे आधी वाचायचे असतात, आणि एका मिनिटात वाचायचे असतात. जो मुलगा अक्षर-अक्षर जुळवत वाचतो, त्याचं ते मिनिट वाचण्यातच संपतं.

म्हणून शिष्यवृत्तीची तयारी पहिली-दुसरीच्या वर्गात सुरू होते. परीक्षा चौथीला असो की पाचवीला, यावरून शिक्षक मित्र वाद घालतात ते मला कळतं. पण दुसरीतल्या मुलाला अस्खलित वाचता येत असेल तर परीक्षा कोणत्याही इयत्तेला आली तरी तो तयार आहे. मृग लागल्यावर कुणी नांगर शोधायला निघत नाही. आपण मात्र डिसेंबरात मार्गदर्शक पुस्तकं विकत आणतो आणि फेब्रुवारीत पीक मागतो. रोज अर्धा तास, सगळ्या वर्गानं, पाठ्यपुस्तकाबाहेरचं काहीतरी वाचायचं. गोष्टीचं पुस्तक, किशोर मासिक, वर्तमानपत्रातली बातमी, बियाण्याच्या पिशवीवरची माहिती, काहीही. वाचून झालं की पुस्तक मिटून शेजाऱ्याला सांगायचं. याला खर्च नाही, परवानगी लागत नाही.

पुस्तक मिटून सांगायचं, हे मी मुद्दाम म्हणालो. विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे, नीट ऐका. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के आणि 75 टक्के. पण आठवड्यानंतर? पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणजे "मी धडा पाच वेळा वाचला" याला फारसा अर्थ नाही. धडा एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहा. जे आठवलं नाही तेवढंच पुन्हा पाहा. दोन दिवसांनी पुन्हा लिहा, आठवड्यानं पुन्हा लिहा. चाचणी ही अशी शिकण्यासाठी वापरायची असते. आपल्या जुन्या शाळांत रोज पाढे म्हणून घेत, मध्येच कुणाला उभं करून "सतरा साते?" विचारत, त्यातही हेच तत्त्व होतं. त्याला कुणी घोकंपट्टी म्हणो. अर्थ कळून पाठ झालेला पाढा आयुष्यभर सोबत करतो.

पाढ्यांवरून पावकी, निमकी, पाऊणकी आठवते. आता ती कुणी म्हणत नाही. मी एक उदाहरण देतो. एका संख्येची पाऊणपट 36 आहे, तर ती संख्या कोणती? पर्याय चार: 27, 45, 48 आणि 144. बरोबर उत्तर 48. पण शिक्षक मित्रांनो, आपण 48 लिहिणाऱ्याला बरोबरची खूण करतो, बाकीच्या तिघांना चूक, आणि पुढे जातो. जरा थांबून बघा. ज्यानं 27 लिहिलं त्यानं 36 ची पाऊणपट काढली. त्याला पाऊणपट येते, प्रश्न उलटा वाचला. ज्यानं 45 लिहिलं त्याला संख्या 36 पेक्षा मोठी हवी हे कळलं, पण त्यानं 36 चा पाव 36 मध्ये मिळवला. पाव कशाचा, इथे तो घसरला. ज्यानं 144 लिहिलं त्यानं नुसतं चारनं गुणलं. पाऊण म्हणजे चारातले तीन भाग हे त्याला अजून उमगलेलं नाही. तीन चुका, तीन वेगळी मुलं, तीन वेगळे उपाय. चाचणीचं सगळं धन त्या चुकीच्या उत्तरांत असतं आणि आपण ते रद्दीत देतो. वर्षभरात किती चाचण्या होतात? पायाभूत चाचणी, संकलित चाचणी एक, संकलित चाचणी दोन, घटक चाचण्या, सराव परीक्षा. गुण पोर्टलवर भरले की गठ्ठा बांधून कपाटावर जातो. प्रत्येक मुलाची एक चुकांची वही असावी. कोणता प्रश्न चुकला, का चुकला, आता कसा सोडवला, एवढंच तिच्यात. अशी वही पंधरा दिवसांनी चाळणाऱ्या मुलाला दहा-दहा सराव प्रश्नपत्रिका सोडवायची गरज उरत नाही.

परीक्षेच्या तंत्राबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकंच असतं. शिष्यवृत्तीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तराचा गोल एकदा रंगवला की खाडाखोड चालत नाही. वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात, म्हणून पहिला बरोबर पर्याय सापडला तरी चारही वाचायचे. अडला तो प्रश्न सोडून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं. घड्याळ लावून चार-पाच पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायच्या, खऱ्या उत्तरपत्रिकेसारख्या कागदावर. हे सगळं महिनाभराचं काम आहे. महिनाभराच्या कामाला वर्ष देऊ नका, आणि वर्षाच्या कामाला महिना देऊ नका.

लातूर पॅटर्नचं नाव एकेकाळी घराघरांत होतं. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं झळकायची आणि बाकी महाराष्ट्र विचारायचा, यांचं गुपित काय? गुपित काही नव्हतं. अभ्यासक्रम वेळेआधी संपवणं, वारंवार चाचण्या घेणं, त्या तातडीनं तपासून मुलाला परत देणं आणि शिक्षकांनी मुलांसाठी वेळी-अवेळी उपलब्ध असणं. पुढे त्या नावावर महागडे शिकवणी वर्ग उभे राहिले, आणि पॅटर्न म्हणजे शुल्क असं समीकरण झालं. मला त्यातला पहिला भाग हवा आहे. मराठवाड्यातल्या एका मागास समजल्या गेलेल्या भागातल्या शिक्षकांनी दाखवून दिलं की मुंबई-पुण्याचं पाणी प्यावं लागत नाही. जे बारावीला जमलं ते पाचवीला का जमू नये?

आता एक इशारा, आणि तो मला कळकळीनं द्यायचा आहे. परीक्षेच्या आकड्याला शाळेची इभ्रत, शिक्षकाची बढती किंवा पैसा बांधला की काय होतं? इंग्लंडमध्ये 1862 मध्ये रॉबर्ट लो यांनी नियम केला: तपासनीस येईल, मुलांचं वाचन-लेखन-गणित पाहील, आणि किती मुलं उत्तीर्ण त्यावर शाळेचं अनुदान ठरेल. शाळांनी काय केलं? मुलांकडून वाचनाचं पुस्तकच पाठ करून घेतलं. तपासनिसासमोर मुलं घडाघडा म्हणायची. वाचता येत असो-नसो. कवी मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळा-तपासनीस होते, त्यांनी या पद्धतीवर सातत्यानं टीका केली. तीस-पस्तीस वर्षांनी ती मोडीत निघाली. आणि अलीकडचं पाहा. अमेरिकेत अटलांटा शहरात चाचण्यांच्या गुणांवर शाळांचं भवितव्य ठरू लागलं. 2011 च्या चौकशीत 44 शाळांमधल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचं पुढे आलं. ती माणसं मुळात वाईट होती असं मी मानत नाही. त्यांच्यावर आकड्याची सक्ती होती, आणि मुलांना काय येतं हे विचारणारं कुणी नव्हतं. त्या मुलांचं काय झालं? ज्यांना मदत हवी होती त्यांच्या नावापुढे "उत्तीर्ण" लागलं आणि मदत थांबली.

आपल्या परीक्षा केंद्रावर खिडकीतून उत्तर सांगणारा काका, फळ्यावर उत्तरं लिहून देणारा हितचिंतक, हाही त्याच वाटेवरचा माणूस आहे. पालकांनो, असा हितचिंतक तुमच्या मुलाचं भलं करत नाही. शेजारच्या गावातल्या कुण्या अभ्यासू मुलीची जागा तो हिरावून घेतो, आणि तुमच्या मुलाला सांगतो की तुझ्यात ते बळ नाही.

पालकांशी आणखी दोन शब्द. या परीक्षा कधी येतात? एनएमएमएस बहुधा डिसेंबरात, नवोदय हिवाळ्यात, शिष्यवृत्ती बहुतेक वेळा फेब्रुवारीत. आणि आपल्या शेतीचं वेळापत्रक? ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, मग तूर. उजळणीचे जे तीन महिने, तेच घरी माणूस कमी पडण्याचे तीन महिने. पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, पोरगा वेचणीला जातो. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, मजूर न मिळण्याची अडचण मला माहीत आहे. तरीही मी हात जोडून सांगतो, हे तीन महिने मुलाला शाळेतून काढू नका. ज्यांना ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जावंच लागतं, त्यांच्या मुलांना गावात ठेवण्याची सोय गावानं करावी. आजी-आजोबा असतील तर त्यांच्या आधारानं, नसतील तर ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीनं बसून मार्ग काढावा. आणि संध्याकाळी सात ते साडेआठ घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. अभ्यास घेता येत नाही म्हणून संकोचू नका. मुलाच्या शेजारी बसून "आज काय शिकलास, मला सांग" एवढं म्हणा. तुम्हाला सांगताना तो आठवेल, आणि आठवताना त्याचं पक्कं होईल.

तरुणांनो, तुमच्यातले कित्येकजण पदवीधर आहेत, पोलीस भरतीची, तलाठी भरतीची तयारी करताहेत. त्या परीक्षांतही हेच गणित, हीच बुद्धिमत्ता, हेच मराठी व्याकरण. आठवड्यातून दोन संध्याकाळी आठवीच्या मुलांना घेऊन बसलात तर त्यांची तयारी होईल आणि तुमचीही. मंदिराचा सभामंडप आहे, शाळेची खोली आहे, ग्रामपंचायतीचा हॉल आहे. जागा नाही असं जानेफळात कुणी म्हणू शकणार नाही.

मुख्याध्यापकांना मी एकच काम सांगतो आणि थांबतो. आठवीचा पट समोर घ्या. त्यावरच्या एनएमएमएसला पात्र असलेल्या प्रत्येक मुलाचा, प्रत्येक मुलीचा अर्ज या वर्षी भरा. हुशार, मध्यम, कच्चा अशी विभागणी अर्जाच्या वेळी करू नका. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकाला मेहकरच्या तहसील कार्यालयात एकट्यानं खेटे घालायला लावू नका. सरपंचांनी सगळ्या पालकांची कागदपत्रं एकत्र करून एकाच दिवशी ते काम मार्गी लावावं. मुलाच्या नावानं बँक खातं उघडून ते आधारशी जोडून घ्या, कारण निवड होऊनही खातं जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकतात. आणि अर्ज भरलेल्या सगळ्या मुलांना, निवडक पाचांना नव्हे, दिवाळीनंतर रोज एक तास द्या. पात्र असून अर्ज भरला नाही असं एकही मूल जानेफळ पंचक्रोशीत या वर्षी राहू नये, एवढी जबाबदारी या सभागृहातल्या मोठ्या माणसांनी आज घ्यावी, ही माझी विनंती आहे.